चार स्क्रू

ब्रेक्के फार्म, १९ सप्टेंबर

प्रिय हॅल्वर,

आजोबांच्या शॉटगनच्या पाठीवर तू पाडलेली चार भोकं अजून तशीच आहेत. त्यांवर बसणारी पोलादी पट्टी, जिच्यावर दुर्बीण चढते ती, आणि तिचे चार स्क्रू तू जाताना बरोबर नेलेस का, एवढंच विचारायला हे पत्र. नेले असशील तर पाठवून दे.

पत्र इथेच संपवायचं असं ठरवून बसले होते. पण अर्ध्याहून जास्त पान कोरं आहे, तू फोन उचलत नाहीस, आणि आईला आलेल्या नाताळच्या कार्डावरचा पत्ता एवढाच तुझा ठावठिकाणा आमच्याकडे आहे. तेव्हा थोडं लिहिते.

मे महिन्यात मी पदवी घेऊन घरी आले. घरातली पहिलीच पदवी, म्हणून आईने ती चौकटीत घालून तळघरातल्या फ्रीजरच्या वर लावली. हरणाचं मांस काढायला जो खाली जाईल त्याला ती वाचावीच लागते. आपल्याच शाळेत विज्ञान शिकवते, आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात नव्या शिकाऱ्यांचा सुरक्षिततेचा वर्ग घेते. बाबा म्हणाले, "चार वर्षं शिकलीस ते बंदूक खाली धरा म्हणून सांगायला?" त्यांना म्हणू दे. कुठलीही गोष्ट नीट समजून घेतली तर ती नीट करता येते, यावर माझा खरंच विश्वास आहे. तू हसतोयस, मला माहीत आहे.

गोठा रिकामा आहे. तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी बाबांनी दुभत्या गाई विकल्या. आता मका, सोयाबीन आणि थोड्या कालवडी. दूध काढायचं नसतं तरी ते पहाटे उठतात आणि गोठ्यात एक फेरी मारून येतात. काय बघतात ते मी विचारलेलं नाही.

दुर्बीण बाबांसाठी हवी आहे. गेल्या डिसेंबरात त्यांची गोळी एका हरणाच्या मादीला खाली लागली. अंधार पडेपर्यंत शिकारीच्या टोळीतले सगळे रक्ताच्या मागावर कडा चढून ओढ्यापर्यंत गेले. ती सापडली नाही. बाबा एकटेच मागे राहिले आणि जेवायला आले तेव्हा त्यांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत गोठून कडक झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोग काही नाही, वय आहे. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आणि समोरचं हरीण एकाच वेळी स्पष्ट दिसायचे दिवस गेले. दुर्बिणीतून दोन्ही एकाच अंतरावर दिसतात, म्हणून ती हवी.

ऑगस्टमध्ये व्हर्लिन मक्याची कणसं घेऊन आले. टोळीचे पुढारी अजून तेच आहेत. पावसावर बोलले, कणसांवर बोलले, आणि पिकअपमध्ये बसल्यावर खिडकीतून बाबांना म्हणाले, "ओर्विल, या वर्षी ताटली कडक बघणार आहे मी."

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा रविवार, व्हर्लिनची खडीची खाण, पन्नास यार्डांवर कागदी ताटली, तीन काडतुसं. तिन्ही गोळ्या ताटलीत बसल्या नाहीत तर त्या हंगामात बंदूक नाही. बाकीच्यांना या जंगलातून त्या जंगलात पोहोचवायला पिकअप चालवायची. नियम बाबांनी आणि व्हर्लिननीच मिळून केलेला. तुला मी काय सांगणार.

मी बाबांना म्हटलं, भोकं आहेतच, दुर्बीण चढवू या.

ते म्हणाले, "बंदूक माझी नाही. आजोबांनी हॅल्वरच्या नावाने ठेवली. तो नाही म्हणून मी वापरतो. दुसऱ्याच्या बंदुकीवर मी काहीएक चढवणार नाही."

"मग नवी घेऊ."

"डोळे जुने आणि बंदूक नवी?"

आई सफरचंदं सोलत होती. तिचा चाकू थांबला. बंदुकीमुळे नाही रे. इतक्या वर्षांनी त्यांनी तुझं नाव घेतलं होतं.

तर, पट्टी.

सिग्नी


११ ऑक्टोबर

प्रिय हॅल्वर,

उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं नसेल असं मी धरून चालले आहे. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

काल चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण होतं. त्या माशाचा वास कोटातून अजून गेलेला नाही. टेबलावर टोळीतला डरवुड माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "काय मास्तरीणबाई, तुझ्या वर्गात बाबांना बसव की. त्यांना बंदुकीचं कुठलं टोक पुढे ते शिकव." सगळे हसले. बाबाही हसले, पण लोण्याची वाटी पुढे सरकवताना त्यांनी ती दोनदा चुकीच्या जागी ठेवली. त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ते हरीण आठवत होतं. टोळीत बाबांची जागा त्यांच्या वडिलांची होती. ओकच्या खिंडीतली ती मोक्याची जागा, जिथे हाकारे जंगल झोडपत आले की हरणं हटकून निघतात. तिथे ब्रेक्केच उभा राहतो. या वर्षी तिथे कोण, हे कुणी विचारत नाही. सगळे थांबले आहेत.

गेल्या पत्रात मी एका गोष्टीला वळसा घातला. तुलाही ते कळलं असेल. आज लिहिते.

तुझ्या ताटलीच्या त्या रविवारी मी खाणीत होते. अकरा वर्षांची. ताटल्या खिळ्याला अडकवायचं काम माझं होतं. तू सतरा वर्षांचा, आजोबांची बंदूक पहिल्यांदाच तुझी म्हणून घेऊन आलेला, आणि तिच्यावर तू स्वतः चढवलेली दुर्बीण. शाळेच्या वर्कशॉपमध्ये तू ती भोकं पाडलीस तेव्हा मास्तरांनी तुझं काम दुसऱ्या वर्गाला दाखवलं होतं. पहिली गोळी ताटलीच्या मधोमध. मी टाळ्या वाजवल्या. दुसरी कडेला. तिसरी कुठे गेली ते कोणाला दिसलंच नाही, कारण पट्टी सुटून दुर्बीण मागे आली होती आणि तिच्या कडेने तुझी भुवई फाडली होती. तुझ्या नारिंगी जाकिटावर रक्त लाल दिसत नव्हतं, तपकिरी दिसत होतं. ते मला अजून आठवतं.

आणि बाबा बोलले. सगळ्यांसमोर. "ज्याला चार स्क्रू धड आवळता येत नाहीत, त्याच्या हाती शेत काय द्यायचं."

कॉफी पिणारी माणसं कपात बघायला लागली. तू भुवईवर हात दाबून एवढंच म्हणालास, "आवळले होते मी." हळू. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

त्या हंगामात तू पिकअप चालवलीस. तुला त्याचं काय वाटत होतं ते मला त्या वयात कळलं नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की माझा भाऊ दिवसभर गाडीत आहे आणि मला शेजारी बसू देतो आहे. काचेवर आपल्या श्वासाची वाफ धरायची, तू बाहीने पुसायचास. थर्मासच्या झाकणातून मला अर्धी साखर अर्धी कॉफी. गिअर माझ्या हातात, क्लच तुझ्या पायाखाली. "आता" म्हणालास की मी ओढायची. माणसं जंगलातून बर्फ झटकत यायची, मागच्या फळीवर चढायची, छपरावर थाप मारायची, आणि तू गाडी हलवायचास. कडेला निखाऱ्यांसारख्या लाल तुऱ्यांची सुमॅकची झुडपं. एकदा एक नर हरीण रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं. तू इंजिन बंद केलंस आणि आपण ते जाईपर्यंत बघत बसलो. मागून छपरावर थापा पडत होत्या. तू म्हणालास, "ऐकू येत नाही."

माझ्या बालपणातला सगळ्यात सुखाचा आठवडा तोच होता. तुझ्यासाठी तो काय होता हे कळून आता इतकी वर्षं झाली, तरी आठवताना आधी सुखच आठवतं. याबद्दल तू मला माफ करशील असं वाटतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये तू गेलास. पट्टी काढून, भोकं बुजवणारे छोटे स्क्रू लावून, बंदूक पुसून खुंट्यांवर ठेवून. ती तिथेच असते. हंगामाचे थोडे दिवस उतरते आणि परत जाते.

सिग्नी


४ नोव्हेंबर

हॅल्वर,

पुडकं आलं.

मी शाळेतून येईपर्यंत आईने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मधोमध ठेवलं होतं आणि स्वतः त्याच्यापासून दूर उभी राहून लेफ्सेच्या पोळ्या लाटत होती. बटाट्याचं पीठ तिच्या कोपरापर्यंत. बाबा खुर्चीत बसून कालच्या पेपरमागे. कोणी उघडलं नव्हतं.

जुन्या फिल्मच्या डबीत चार स्क्रू, मऊ फडक्यात पट्टी, आणि डबीच्या झाकणाला चिकटवलेला कागदाचा कपटा. मी मोठ्याने वाचलं:

"पट्टीचं जाड तोंड मागे. आखूड स्क्रू पुढे."

आई म्हणाली, "बस? एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

"पलटून बघ."

पलटलं. मागे बोटींच्या वंगणाची छापील जाहिरात होती.

बाबांनी पेपर खाली केला. म्हणाले, "बरोबर आहे. आखूड पुढेच लागतो. लांब घातला तर आतल्या खटक्याला टेकतो." मग थोडं थांबून, "आण इकडे तो कागद." मला वाटलं, नीट वाचायला मागतात. त्यांनी तो टोपीच्या आतल्या पट्टीत खोचला आणि टोपी डोक्यावर चढवली. घरात. आई लाटत राहिली.

तेव्हा तुझी परवानगी मिळाली असं बाबांनी धरलं आहे. दुर्बीण मी माझ्या पहिल्या पगारातून आणून ठेवली होती, त्यांना न सांगता. दोन पटच मोठं दाखवणारी, डोळ्यापासून लांब धरता येणारी, शॉटगनचा धक्का सोसणारी. दुकानात मी तासभर प्रश्न विचारले. दुकानदार शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही शिकार करणार की परीक्षा घेणार?"

तू तिथे समुद्रकाठी बोटी दुरुस्त करतोस. तुझ्या हाताने आवळलेल्या बोटी वादळात जातात आणि परत येतात. मी हे वर्गात मुलांना सांगते. तुझं नाव न घेता.

सिग्नी


१६ नोव्हेंबर

प्रिय हॅल्वर,

हे पत्र लांब होणार. तुला ते सगळं वाचावं लागेल, शेवटपर्यंत. वगळू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी मी शेडमध्ये बंदूक लाकडी घोडीवर बांधली. रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, बाबांनी तिसऱ्यांदा पाहिलं. भोकं बुजवणारे स्क्रू काढले. आतला जुना चिकटा काढायला आईचं नेलपॉलिश पुसायचं औषध आणि बारीक ब्रश घेतला. ते औषध तेलाचा अंशही ठेवत नाही. तुझे स्क्रूही त्यात बुडवून काढले आणि क्रम चुकू नये म्हणून मफिनच्या साच्यात एकेका खळग्यात ठेवले. मग वह्या तपासायच्या होत्या म्हणून काम दुसऱ्या दिवसावर टाकलं.

बुधवारी शाळेच्या वर्कशॉपमधून पाना आणला. ठरलेल्या जोरावर टक् करून सुटणारा, म्हणजे कमी नाही, जास्त नाही. पट्टी ठेवली, जाड तोंड मागे. प्रत्येक स्क्रूवर त्या निळ्या डिंकाचा थेंब, जो वाळला की आटे धरून ठेवतो. एकदम एक स्क्रू पूर्ण आवळायचा नाही, कर्णाने थोडा थोडा, चारही सारखे. शेड नेहमीसारखी बाबांच्या बंदुकीच्या तेलाने गोडसर वास मारत होती. लहानपणी आपण त्याला रविवारचा वास म्हणायचो. मला तो वास इतका ओळखीचा आहे की त्या दिवशी तो मला जाणवलाच नाही.

मग दुर्बीण धरणाऱ्या कड्या आणि दुर्बीण. बाबांना डोळे मिटून दस्ता गालाला लावायला सांगितला. मग उघडायला. "काय दिसतं?" "चंद्र अर्धा." मी दुर्बीण पुढे सरकवली. "आता?" "पाऊण." असं करत पूर्ण गोल दिसेपर्यंत. भुवई आणि काच यांच्यात माझी चार बोटं आडवी जात होती. ते अंतर मी तीनदा मोजलं. का, ते तुला सांगायला नको. गोठ्याच्या दारात ओळंबा सोडला आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्याशी जुळवली. डिंक वाळायला दोन दिवस दिले.

शनिवारी मागच्या शेतात गवताच्या गासड्यांवर कागद लावला आणि बाबांनी तीन गोळ्या झाडल्या. पहिली बरोबर. दुसरी हातभर डावीकडे. तिसरी कागदाच्या बाहेर.

बाबांनी बंदूक उघडून खाली ठेवली. म्हणाले, "डोळ्यांचं काही खरं नाही, सिग्नी. व्हर्लिनला सांगून टाक." आणि ते घराकडे चालायला लागले. पाठीमागून ते मला आजोबांसारखे दिसले.

मी रडले नाही. रागावले. पाना खोटं बोलत नाही आणि मी एकही पायरी गाळली नव्हती. पट्टीला बोट लावलं तर ती हलत होती. शेडमध्ये नेऊन स्क्रू काढले. चारही हाताने निघाले. डिंक बुधवारी लावला तसाच ओला, निळा, पातळ. बोट भोकात फिरवलं, चकचकीत बाहेर आलं. नाकाशी नेलं. रविवारचा वास.

बाबांना हाक मारून बोलावलं.

"बाबा, या भोकांत तेल कसं आलं?"

"मी घातलं."

"कधी?"

"बुधवारी, तू शाळेत होतीस तेव्हा. स्क्रू कोरडेठाक पडले होते त्या केकच्या साच्यात. पोलाद असं उघडं ठेवतात का कोणी? एकेक थेंब घातला, स्क्रू घोळवले. गंजले असते."

"तेलावर डिंक धरत नाही. स्क्रू घट्ट लागतात, पण धक्का बसला की फिरतात. पहिली गोळी बरोबर जाते, मग सुटतं."

"एका थेंबाने काय होतंय? मी नेहमीच घालतो."

"नेहमीच" हा शब्द त्यांच्याच तोंडातून बाहेर पडला होता आणि तो त्यांनीच ऐकला. ते बादली उलटी करून बसले. बराच वेळ हातातला पाना उलटसुलट करत होते.

"त्याच्याही वेळी घातलं होतं," ते म्हणाले.

"कोणाच्या वेळी?" मला माहीत होतं. तरी मी विचारलं. ते त्यांनीच म्हणायला हवं होतं.

"हॅल्वरच्या. आदल्या दिवशी तो चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेला होता. मी एकेक स्क्रू काढला, तेल लावलं, परत बसवला. साध्या पेचकसाने, हाताला येईल तसा." मग म्हणाले, "काढताना मला जोर लावावा लागला होता. इतके पक्के होते. म्हटलं, पोराने एवढं मनापासून केलंय, टिकायला हवं."

बोलता बोलता त्यांचा अंगठा स्वतःच्या डाव्या भुवईवर गेला आणि तिथे फिरत राहिला, जिथे त्यांना काहीही झालेलं नाही.

हॅल्वर, मी हे तुला समेटासाठी लिहीत नाही. समेट हवाच आहे मला, ते लपवण्यात अर्थ नाही, पण त्याच्यासाठी नाही. तू म्हणाला होतास "आवळले होते मी", आणि तो एक खरा शब्द इतकी वर्षं कोणाच्या हिशेबातच आला नाही. माझ्याही. मी टाळ्या वाजवल्या होत्या, पण मनात मीही धरून चालले होते की तुझं चुकलं असेल.

बाबांनी विचारलं, "तू त्याला लिहितेस ना?"

"हो."

"हे लिही."

"तुम्ही लिहा."

"मला लिहिता येत नाही असलं," ते म्हणाले. जेवायला आले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं.

रविवारी मी सगळं पुन्हा धुतलं, पुन्हा कोरडं केलं, पुन्हा बसवलं. या वेळी बाबा दारात पाठ करून उभे होते. हात खिशात. मुद्दाम.

सिग्नी


२९ नोव्हेंबर

प्रिय हॅल्वर,

आज ताटलीचा रविवार होता. सोबतची पुठ्ठ्याची घडी आधी उघडू नकोस. आधी हे वाच.

चर्च सुटल्यावर सगळे तसेच खाणीत आले. व्हर्लिन, डरवुड, व्हर्लिनचे दोन जावई, आम्ही. आईही आली, ती कधी येत नाही. कोटाखाली चर्चचे बूट घालून खडीवर उभी राहिली.

बाबांनी खोळीतून बंदूक काढली आणि डरवुडने लगेच तोंड उघडलं. "काय ओर्विल, चंद्र बघायला आणलीस का ही?"

"तुझ्या ताटलीवरची भोकं शोधायला," बाबा म्हणाले. "नुसत्या डोळ्यांनी कधी सापडली नाहीत."

व्हर्लिन हसले, पण ताटलीकडे बघून. त्यांना बाबांना नापास करायचं नव्हतं. आणि नियमही मोडायचा नव्हता. ते दिसत होतं.

बाबा गुडघ्यावर बसले. दस्ता गालाला लावला. पहिली गोळी मध्ये. मी पट्टीकडे बघत होते, ताटलीकडे नाही. दुसरी पहिलीला लागून. तिसरीच्या आधी ते थांबले, एवढे थांबले की डरवुडसुद्धा गप्प झाला. मग तिसरी.

मी ताटली काढून आणली. तिन्ही भोकं कपाच्या तळाखाली झाकली जात होती. पट्टी जागची हलली नव्हती.

व्हर्लिननी श्वास सोडला. "खिंड तुझी, म्हाताऱ्या," ते म्हणाले आणि ताटलीवर नाव लिहायला पेन शोधायला लागले. पास झालेल्या ताटल्या अजून त्यांच्या शेडच्या भिंतीवर खिळतात.

बाबा म्हणाले, "पिकअपच्या किल्ल्या दे."

"कशाला?"

"मी चालवणार आहे या वर्षी."

"अरे, पास झालास तू."

"मी झालो." त्यांनी टोपी काढली. टोपीच्या पट्टीत तुझा तो कागद होता. "इथेच, तुम्हा सगळ्यांसमोर, मी माझ्या पोराला म्हणालो होतो की त्याला चार स्क्रू आवळता येत नाहीत. त्याने ते बरोबर आवळले होते. मी ते त्याच्या माघारी काढले आणि तेल घालून सैल केले. मला माहीत नव्हतं, पण मीच केले. आणि गाडी त्याने चालवली. तो हंगाम माझ्या वाट्याचा होता. तो मी आता भरतो."

खाणीतल्या पाण्यावर पातळ बर्फ धरला होता, तो तडकल्याचा आवाज आला. आई बुटांकडे बघत होती.

मग डरवुड म्हणाला, "म्हणजे आठवडाभर आम्हाला ओर्विलचं ड्रायव्हिंग? व्हर्लिन, याला खिंडीत उभा कर बाबा, माझी पाठ आधीच गेलीय."

सगळे हसले आणि व्हर्लिननी किल्ल्या बाबांकडे फेकल्या. बाबांना त्या झेलता आल्या. ते मला बरं वाटलं, का कोण जाणे.

खिंडीत यंदा मी उभी राहणार आहे, माझ्या बंदुकीने. माझी ताटलीही पास झाली, पण ते कोणी फारसं पाहिलं नाही.

आता घडी उघड. ती बाबांची ताटली आहे. व्हर्लिनना ती भिंतीवर हवी होती, बाबांनी दिली नाही. मागे त्यांचं अक्षर आहे. त्यासाठी त्यांना अख्खी दुपार लागली आणि आधी डरवुडच्या दोन नापास ताटल्या खराब झाल्या. मी वाचलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. "चारही स्क्रू तू बरोबर आवळले होतेस. बाबा."

बंदूक खुंट्यांवर परत गेली आहे, दुर्बिणीसकट. पट्टी पक्की आहे, तिला कोणी हात लावणार नाही. पण वरच्या कड्या बाबांनी मला सैल करायला लावल्या. मी म्हटलं, आत्ता तर नेम जुळवला. ते म्हणाले, "तो माझ्या मानेच्या मापाचा. हॅल्वरची मान माझ्यापेक्षा लांब आहे. त्याला ती दोन बोटं तरी पुढे लागेल. त्याच्या डोळ्यावर ठेवून बघितल्याशिवाय आवळू नकोस, नाहीतर परत भुवई फुटेल."

दुसऱ्याच्या मापाने ते अंतर खरंच लावता येत नाही, हॅल्वर. हे मी वर्गातही शिकवते. ज्याची बंदूक त्यानेच दस्ता गालाला लावून, डोळे मिटून उघडावे लागतात.

तू आता परराज्यातला, या वर्षीचा परवाना तुला मिळणार नाही. पिकअपला परवाना लागत नाही. हंगाम शनिवारी सुरू होतो. मधली जागा रिकामी आहे आणि गिअर अजून तसाच अडकतो, कोणीतरी ओढायला लागतो.

आत्ता हे लिहीत असताना बाबा आले आणि तेलाची कुपी माझ्यासमोर ठेवली. ती चोचीसारख्या तोंडाची, पत्र्याची, आजोबांची. म्हणाले, "ही कुठेतरी ठेवून दे. मला सांगू नकोस कुठे."

सिग्नी